व्यसनी भावाला मिशनच्या निवाऱ्यात ठेवावं का? तिथे धर्म बदलतात का?

ताई, भाऊ वर्षभर कल्याण स्टेशनाबाहेर झोपतोय, गर्द (ब्राऊन शुगर) आणि दारू दोन्ही चालू आहे, एक ख्रिस्ती संस्था ठेवून घ्यायला तयार आहे, तर पाठवावं का आणि किती दिवसांत बरा होईल, असं तुम्ही विचारलंत. शेवटी 'घरचे म्हणतात बाटवतील' असंही लिहिलंत. त्या एका वाक्यापायी मी लिहायला बसलोय. बाकीच्याकडे जमेल तसं वळतो.

पाठवा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी भरकटणार आहे.

आमचं घर लालबागचं. वडील गिरणीत, माळकरी. ८२ च्या संपात पगार बंद झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्याच वर्षांत मुंबईत गर्द आलं आणि आमच्या चाळीच्या गच्चीपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला नाही. पन्नीवर पावडर, खालून काडी, तोंडात नळी. पुढचं तुम्हाला ठाऊकच असणार, भावाच्या बाबतीत बघितलंयत. भांडी गेली, आईच्या कुड्या गेल्या, आणि एक दिवस दादानं आतून कडी लावली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याची पोरं लहान होती, मीही हेच केलं असतं. माझं म्हणणं पुढच्याबद्दल आहे.

मी मस्जिद बंदरला झोपायचो. दिवसभराचा माल उतरला की तिथे हातगाड्या ओळीनं लागतात. वर हमाल झोपायचे, खाली आम्ही. दर आठवड्याला एक ब्रदर, म्हणजे ख्रिस्ती संस्थेतले धर्मसेवक, यायचे, पिशवीत पट्ट्या, डेटॉल आणि बिस्किटं घेऊन. वसईचे होते. घरी सामवेदी, म्हणजे तिकडची बोली, बोलत असणार, पण आमच्याशी अगदी पुस्तकातलं मराठी. माझ्या घोट्याजवळच्या जखमेत अळ्या झाल्या होत्या. लोक नाकाला रुमाल लावून लांबून जायचे. हा माणूस फुटपाथवर मांडी घालून बसला, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, जखमेत टर्पेंटाइन सोडलं आणि वर येईल ती अळी चिमट्यानं काढून कागदावर ठेवत गेला. मध्येच थांबून चष्मा पुसला. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाले, "आमच्याकडे एक खाट रिकामी आहे. येतोस?"

त्याआधी मी एका व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात जाऊन आलो होतो. तिथे पालकाची सही हवी, घरचा पत्ता हवा, आगाऊ रक्कम हवी. रस्त्यावरच्या माणसाकडे यातलं काय असतं? पालकाची सही मिळाली असती तर मी हातगाडीखाली कशाला झोपलो असतो! ब्रदरनी नाव विचारलं तेही वसईला पोचल्यावर, वहीत लिहायला.

टर्कीचं, म्हणजे गर्द तुटल्यावर अंगाला होणाऱ्या त्रासाचं, वर्णन करत नाही. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, आणि पाय आपले आपण झाडले जातात, हे भावाला विचारलंत तरी सांगेल. रात्री बादली घेऊन कुणी ना कुणी शेजारी बसलेलं असायचं. खाणं एकच, मीठ घातलेली पेज. ती पोटात टिकली त्या दिवशी ब्रदर आनंदानं स्वयंपाकघरात सांगायला गेले होते.

आता धर्माचं. निवाऱ्यात पहाटे साडेपाचला प्रार्थना असायची. मी सांगितलं, मला तुमची प्रार्थना जमणार नाही, मी हरिपाठवाला. ब्रदर म्हणाले, "मग हरिपाठ म्हण. पण उठून बसून म्हण, पांघरुणात नको." झालं. ते पुढे त्यांचं म्हणायचे, मी मागच्या बाकावर माझं. प्रार्थनेनंतर संडास धुणं, मग चादरी. चादरी धुण्याचं काम माझ्याकडे आलं, तेच पुढे पोटापाण्याचं झालं. आज विरारला माझी लाँड्री आहे. एक गृहस्थ रविवारी बाहेरून यायचे, ते मात्र मागे लागायचे, येशूला स्वीकार म्हणून. मी उठून नळावर जायचो. म्हणून कुणी मला बाहेर काढलं नाही, की पेज कमी वाढली नाही.

दादा एकदाच भेटायला आला. भिंतीवरचा क्रूस बघितला, चहा न घेता परतला आणि चाळभर सांगितलं, धाकटा बाटला. वडील वारले तेव्हा मी दहाव्याला बाणगंगेवर गेलो. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "तू त्यांच्यातला झालास, पिंडाला हात लावू नकोस." मी तेव्हा शुद्धीत होतो, अंघोळ करून गेलो होतो, गळ्यात वडिलांनी लहानपणी घातलेली माळ होती. ती गर्दच्या दिवसांत विकली गेली नाही, कारण तुळशीच्या माळेला कुणी पैसे देत नाही.

दादा, तू हे वाचतोस हे मला वहिनीकडून कळतं, म्हणून लिहितो. दादरच्या गुरुद्वाऱ्यात मी कितीदा लंगर जेवलो, तेव्हा शीख झालो नाही. तेव्हा तुलाही माझ्या धर्माची काळजी नव्हती. व्यसनमुक्तीचं काम करणारी वांद्र्याची कृपा फाउंडेशन घे. फादर जो परेरांनी १९८१ साली सुरू केली. हे कॅथलिक धर्मगुरू पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य आणि व्यसनींना योगासनं शिकवतात. आता कोण कुणाला बाटवतंय ते तूच सांग.

दादाचं दुसरं पालुपद, "मनात आणलं की सुटतं." ताई, हे कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायच्या मीटिंगा, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला सुरू झालं. त्याचा एक संस्थापक बिल विल्सन आदल्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका चर्चच्या निवाऱ्यात जाऊन आला, आणि त्यानंतर काही दिवसांतच टाउन्स हॉस्पिटलमध्ये भरती झाला. चर्च आणि डॉक्टर, दोन्ही लागले. आमच्या मीटिंगमध्ये जी बारा पावलं सांगतात त्यातही देव आहे, पण 'आम्हाला जसा उमगला तसा'. माझा विटेवर उभा आहे. शेजारच्या खुर्चीवरचा एकजण पक्का नास्तिक, तो मीटिंगलाच देव मानतो. आम्ही दोघंही टिकलोय.

किती दिवस? गर्दची टर्की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला जाते आणि साधारण आठवड्यात उतरते. पुढचं दिवसांत मोजू नका. निवाऱ्यातून बाहेर पडल्यावर तो झोपणार कुठे आणि सकाळी उठून करणार काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा. कल्याण स्टेशनाच्या आसपास तर नकोच.

सगळेच निवारे आमच्या ब्रदरसारखे नसतात, हेही लिहायला हवं. मारहाण, साखळी, उपाशी ठेवणं दिसलं तर त्याच पावली भावाला घेऊन निघा, मग भिंतीवर कुठलाही देव असो. साखळीनं बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. काही ठिकाणी 'गोळी म्हणजे दुसरी नशा' म्हणून ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्द सोडवायला डॉक्टर देतात ती गोळी, बंद करतात. मला हा अडाणीपणा वाटतो. डॉक्टरनं चालू केलेली गोळी डॉक्टरनंच बंद करावी. देवाधर्माचा विषयच नको असेल तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत.

आणि हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं. भाऊ दारूही रोज पीत असेल तर ती एकदम तोडू नका. दारू अचानक थांबली की फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम होतो, माणूस दगावू शकतो. कोंडून ठेवून पेज पाजण्याचं हे काम नाही. आधी सरकारी हॉस्पिटलात दाखवा, टीबी आणि काविळीच्या तपासण्या तिथेच होतील, मग निवारा. काही दिवस गर्द बंद राहून तो पुन्हा तिकडे वळला तर जुना डोस आता त्याला झेपणार नाही, जीव जाईल. हे त्याला तोंडावर सांगा, वाईट वाटलं तरी.

नेताना त्याचं आधार कार्ड सापडलं तर घ्या, नाही सापडलं तर तेवढ्यासाठी थांबू नका. शक्यतो सोमवारी सकाळी न्या. शनिवारी दुपारनंतर ओपीडी बंद असते आणि रविवार त्याला पुन्हा स्टेशनवर घालवावा लागेल.