पाहुण्यांना सांगली खिलवायची कशी?

(गणपती पेठेतल्या हळदीच्या अडतीत दिवाणजी म्हणून हयात घालवलेले आणि आता आल्यागेल्यांना सांगलीची पायी खाद्यफेरी घडवणारे आमचे स्तंभलेखक या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : काका, माझा भाचा पुण्याहून चार मित्रांना घेऊन येतोय. त्यांना ‘फूड वॉक’ हवाय. मी एका संध्याकाळसाठी आठ ठिकाणं काढली आहेत : मिसळ, वडा, भजी, दोन भेळेच्या गाड्या, भडंग, बासुंदी आणि शेवटी कुल्फी. यादी बरोबर आहे का? (एक वाचक भगिनी, विश्रामबाग)

उत्तर : ताई, पदार्थांबद्दल माझी तक्रार नाही. पण आठही ठिकाणं नुसती खाण्याचीच आहेत. तिसऱ्या गाडीवर पोरांची पोटं भरतील आणि पुढचं सगळं मान राखायला खाल्लं जाईल. मिसळ आणि भजी पुण्यातही मिळतात. सांगलीत जे आहे ते पेठेत आहे, पोत्यात आहे, ते आधी दाखवा.

हे गाव व्यापारावर वाढलं. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि कृष्णेकाठच्या या छोट्या गावाला त्यांनी राजधानी केलं. काळ्या दगडातलं गणपतीचं देऊळ त्यांच्याच काळातलं. पेठेत हळद, गूळ, शेंगा, मिरची यांची उलाढाल वाढत गेली आणि आपल्या घरातलं खाणं त्याच मालावर पोसलं. ही गोष्ट कानावर पडली की भडंगाचा घास वेगळा लागतो, हे मी पाहुण्यांच्या तोंडावर पाहिलंय.

म्हणून संध्याकाळ नको, सकाळ धरा. आठला देवळात दर्शन. तिथून शिवाजी मंडई. थंडीचे दिवस असतील तर कृष्णाकाठची वांगी त्यांच्या हातात द्या. देठाला काटे, अंगावर तुकतुकी, वजनाला हलकं. जड वांगं बियांनी भरलेलं असतं, हे मंडईतली कोणतीही मावशी सांगेल. मग नाश्ता एकच. मिसळ घ्या, पण दोघांत एक. दहापर्यंत पेठ उघडते. तिथे ओळखीच्या दुकानात मोजकं थांबायचं, हळद आणि गूळ बघायचा.

हळदीपाशी मी काय करतो ते सांगतो. हळकुंड हातात घ्यायला लावतो आणि मोडायला सांगतो. चांगलं वाळलेलं हळकुंड वाकत नाही, टणकन आवाज करून तुटतं. तुटलेल्या तोंडाला पिवळ्यापेक्षा नारिंगी रंग जास्त असतो आणि त्यावर मेणासारखी चकाकी दिसते. ओलं असेल तर ते लवतं आणि तुटताना आवाज येत नाही. अडतीत माल असाच पारखला जायचा, कागदावर काहीही लिहिलेलं असो. मग बोटं नाकाशी न्यायची. घरातल्या डब्यातल्या हळदीला असा वास येत नाही, म्हणून शहरातली मुलं एकदम गप्प होतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते का मिळालं, हे या तुकड्यावरून समजतं.

भडंगाचंही तसंच. नुसती पुडी देऊ नका. चुरमुऱ्याची भट्टी चालू असेल आणि मालक हो म्हणाला तर दारातून दाखवा. मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलेला तांदूळ तापलेल्या वाळूत पडतो, दोन-चार पलटण्यांत फुलतो आणि लगेच चाळणीवर जातो. वाळू खाली, चुरमुरा वर. एवढ्या वेगाने होतं की दुसऱ्यांदा बघावं लागतं. त्याच चुरमुऱ्याला तेल, लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट, मेतकूट लागलं की भडंग झालं. आता द्या पुडी.

दुपारी घरी न्या. भरली वांगी, शाळूची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. यादीतलं बाकी सगळं काढलं तरी चालेल, पण तुमच्या हातचं हे जेवण काढू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एका गाडीवर भेळ आणि १९२९ च्या आयर्विन पुलावर फेरफटका. कुल्फीला जागा राहिली तर तीही.

प्रश्न : काका, मी कॉलेजला आहे. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना अशी फेरी घडवून चार पैसे मिळवावेत असा विचार आहे. किती लोक घ्यावेत? दुकानदार उभे करतील का? आणि पुराबद्दल बोलावं का? घरचे म्हणतात, नको, पाहुणे घाबरतील. (एक विद्यार्थी, सांगलीवाडी)

उत्तर : जरूर कर. आठच्या वर माणसं घेऊ नकोस. पेठेतल्या दुकानाच्या पायरीवर त्याहून जास्त मावत नाहीत आणि गिऱ्हाईक अडलं की दुकानदार पुढच्या वेळी तुला दारात घेणार नाही. आधी एकटा जा, वेळ विचारून घे. मालाची आवक असते तेव्हा हमालांच्या वाटेत उभं राहायचं नाही, हे पाहुण्यांना निघतानाच सांगायचं. जिथे थांबशील तिथे तुझ्या पैशाने काहीतरी विकत घे, पावशेर गूळ का होईना. दुकानदाराकडून कमिशन मात्र कधी घेऊ नकोस. घेतलंस की चांगला माल कुठला हे तुला मोकळेपणाने सांगता येणार नाही आणि लोक तुझ्याबरोबर त्यासाठीच येतात. खाण्याचे पैसे तुझ्या फीमध्येच धर. दर ठिकाणी पाकीट काढावं लागलं की रंग जातो.

पुराबद्दल बोल. २००५ ला पाणी आलं, ऑगस्ट २०१९ मध्ये आलं तेव्हा पेठेत होड्या फिरल्या. दुकानातला माल भिजला, साखर विरघळली. पाणी ओसरल्यावर याच लोकांनी चिखल उपसून पुन्हा दुकानं उघडली. पाहुणा ज्या दुकानात उभा राहून गूळ चाखतो, तिथे पाणी कुठवर होतं ते त्याला भिंतीवर हात ठेवून दाखव. कोणी घाबरत नाही. उलट दुकानदाराला आपणहून नमस्कार करतात.

प्रश्न : हळदीची पेवं पाहता येतात का? हरिपूरला आहेत एवढंच ऐकलंय. (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : हरिपूर गणपती मंदिरापासून तीन-चार किलोमीटर. कृष्णा आणि वारणा तिथे मिळतात, संगमेश्वराचं देऊळ आहे. चालायची सवय असेल तर सकाळी लवकर निघा, नाहीतर रिक्षा करा.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड लहान, पोट मोठं. हळद भरून तोंड मातीने बंद करायचं. आतला प्राणवायू संपत जातो, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते, रंगही राहतो. तिथली माती त्याला अनुकूल आहे. पण तीच बंद हवा माणसाचा जीव घेते. पेव उघडलं की आधी ते मोकळं ठेवतात, दिवा खाली सोडून बघतात. तो जळत राहिला तरच माणूस उतरतो. म्हणून मालकाला विचारल्याशिवाय आणि त्याच्या माणसाशिवाय पेवाजवळ जायचं नाही, मुलांना तर अजिबात न्यायचं नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरून फार नुकसान झालं. आता बराचसा माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो. वापरातलं पेव दिसलं तर भाग्य समजा आणि दाखवणाऱ्या म्हाताऱ्याला बोलतं करा. ही विद्या त्याच्याकडेच आहे आणि ती कोणीतरी ऐकून ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना बरोबर न्यावं का? (एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर : न्या. देऊळ आणि पेठेतली दोन दुकानं, बस्स. मधल्या अंतराला रिक्षा. दुकानात बसायला गादी असतेच आणि त्या बसल्या की मालक चहा मागवेल.

प्रश्न : परत जाताना पाहुण्यांना काय बांधून द्यावं? (एक वाचक, कुपवाड)

उत्तर : हळकुंडं आणि बेदाणा. हळद पूड करून देऊ नका, अख्खी द्या, वास टिकतो. बेदाणा मार्च-एप्रिलमध्ये घेतलात तर नव्या हंगामाचा मिळेल. मूठभर घेऊन दाबा आणि सोडा. दाणे सुटे झाले पाहिजेत, हाताला चिकटता कामा नयेत. पिवळाधमक दिसावा म्हणून काही माल गंधकाची धुरी देऊन काढतात, तेव्हा धुरी दिलेली आहे का ते विचारा आणि चव घेऊनच ठरवा. पावसाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवायला सांगा.