मानसशास्त्रात एमए करून कंपन्यांना सल्ला देते. त्याला मेंदूविज्ञान जोडलं की क्लायंटला पटवणं सोपं जातं म्हणतात. न्यूरोसायन्सचं सर्टिफिकेट घ्यावं का?

पटवणं सोपं जातं हे अगदी खरं, आणि माझा राग नेमका त्यावरच आहे. येल विद्यापीठात डीना वाइसबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवून दिलं की भंपक स्पष्टीकरणालाही मेंदूबद्दलचं एखादं असंबद्ध वाक्य चिकटवलं की लोकांना ते पटू लागतं. न्यूरोसायन्स शिकणारे विद्यार्थीसुद्धा फसले. फक्त तज्ज्ञ फसले नाहीत.

मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरला होते. नाइट शिफ्टला रिजेक्शन वाढलं होतं, लाइनवर वादावादी रोजचीच. वरून सल्लागार आले. सगळ्या सुपरवायझरांना हॉटेलात बसवून मेंदूच्या स्कॅनची लाल-पिवळी चित्रं, ‘अमिग्डाला हायजॅक’ (म्हणजे मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग माणसाचा ताबा घेतो म्हणे), डावा मेंदू-उजवा मेंदू, डेव्हिड रॉकचं स्कार्फ मॉडेल (माणसाला दर्जा, खात्री, स्वायत्तता, जवळीक आणि न्याय हवा असतो हे सांगणारं), सगळं झालं. चहाच्या वेळी एक जुने सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, मला म्हणाले, “मॅडम, अमिग्डालाचं राहू द्या, पोरांची झोप होत नाहीये.”

झोप होणार कशी? आमच्याकडे दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, तीही उलटी: नाइटनंतर सेकंड (दुपारची), सेकंडनंतर फर्स्ट (सकाळची). माणसाच्या मेंदूतलं घड्याळ सरासरी चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त चालतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. झोपेचे संशोधक चार्ल्स चाइस्लर यांच्या गटाने अमेरिकेत युटामधल्या एका खनिज कारखान्यात याच तत्त्वावर शिफ्ट सरळ क्रमाने (फर्स्ट, सेकंड, नाइट) फिरवल्या आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलल्या. कामगारांचं समाधान आणि उत्पादन दोन्ही वाढलं. 1982 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलंय. कागद घेऊन मी प्लांट हेडकडे गेले. उत्तर मिळालं, “बसचं सगळं वेळापत्रक बदलावं लागेल.” अहो, क्रम बदलला तरी शिफ्टच्या वेळा त्याच, मग बस कशी बदलेल? पण सल्लागाराचं बिल पास झालं आणि माझा कागद फाइलला लागला. मेंदूविज्ञान हवं होतं ना? ते शिफ्टच्या चार्टमध्ये होतं!

तर सर्टिफिकेट. झोप, ताण, शिकणं-विसरणं हे नीट शिकवत असतील तर जरूर घ्या. बाकी टीम, विश्वास, बॉसशी संबंध यांना तुमचं मानसशास्त्र पुरेसं आहे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1999 मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर (म्हणजे न घाबरता बोलता येण्यावर) जे काम केलं, त्यात प्रश्नावल्या आणि मुलाखती होत्या. कुणाचा मेंदू स्कॅन केला नव्हता.

थोडं मागे घेते. युटात दिशा आणि कालावधी दोन्ही बदलले होते, म्हणून सगळं श्रेय दिशेला देता येत नाही. स्कार्फमधले प्रश्न गप्पा सुरू करायला चांगले आहेत. अमिग्डालाचा भीतीशी संबंधही खरा आहे. फक्त तो भाग स्कॅनमध्ये उजळला म्हणून माणूस घाबरलाच असं म्हणता येत नाही, आणि आमच्या हॉटेलात तर स्कॅनरही नव्हता.

क्लायंटकडे गेलात की आधी शिफ्टचा चार्ट मागा. आणि कुणी बसचं कारण सांगितलं तर बसच्या वेळांचा कागदही मागा, तिथेच, त्यांच्यासमोर.