फायबरच्या पूलवर तीन लाख घालावेत का?

प्रश्न : सोलापूरजवळ तुळजापूर रोडला आमचं छोटं फार्महाऊस आहे. तिथे २००९ साली बसवलेला ९ बाय ४ मीटरचा फायबरचा स्विमिंग पूल आहे. दिवसाचं भाडं पूलसकट ७,००० रुपये आणि पूलशिवाय ४,००० घेतो. पूलची बुकिंगं वर्षाला ४५च्या आसपास होतात. वीज, औषधं आणि सफाईवाला मिळून पूलवर ४५,००० जातात. आता आतला थर पांढरा पडलाय, फोड आलेत, पायरीपाशी तडे गेलेत, एका पाहुण्यांच्या मुलाच्या पायाला तिथे खाज सुटली. उन्हाळ्यात आठवड्याला चार बोटं पाणी उतरत होतं. ठेकेदाराने पूर्ण नवा थर द्यायचे २,६०,००० अधिक जीएसटी सांगितलेत आणि पावसाळ्यात बुकिंग नसतं म्हणून जुलैतच उरकू म्हणतोय. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी मिळतंय. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ४ लाखांची एफडी आहे, ॲडमिशन दोन वर्षांनी. या सीझनमधले १,७०,००० बाजूला ठेवलेत. कर्ज काढू, एफडी मोडू, नुसता रंग मारू की पूल बुजवू?

उत्तर : ताई, पूल दुरुस्त करा. पण जुलैत नाही, आणि पर्सनल लोन काढून तर मुळीच नाही.

पैशाआधी त्या पायरीचं बघा. वरचा थर झिजून खालचे काचेचे धागे उघडे पडले की ते कातडीत घुसतात, खाज त्यानेच सुटते. पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी मिळते, ती लावून तेवढी जागा आधी बंद करा. खर्च किरकोळ आहे आणि तो आजच करायचा आहे. पुट्टी बसेपर्यंत लहान मुलांना त्या पायरीवर जाऊ देऊ नका.

आता जुलैचं. ठेकेदाराला पावसाळ्यात हाताला काम हवं असतं, ते समजू शकतं. पण फायबरचा पूल म्हणजे जमिनीत बसवलेलं हलकं भांडं. आतल्या पाण्याच्या वजनाने ते जागेवर राहतं. तुमच्याकडची काळी माती पाऊस पडला की फुगते आणि पाणी धरून ठेवते. अशा वेळी पूल रिकामा केला तर खालचं पाणी त्याला वर ढकलतं. तळ फुगतो, भिंत आत येते, कधी अख्खा पूलच उचलला जातो. मग तीन लाखांचा प्रश्न राहत नाही, नवा पूल बसवायची वेळ येते. सोलापूरला मोठा पाऊस सप्टेंबरात होतो, त्यामुळे दिवाळीतही जमीन ओलीच असते. शेतातल्या विहिरीची पातळी बघत जा. विहिरीतलं पाणी पूलच्या तळापेक्षा चांगलं खाली गेल्याशिवाय पूल उपसू देऊ नका.

माझ्या मते संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की काम काढावं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ आहे. जमीन सुकलेली असते. रेझिनलाही, म्हणजे थर घट्ट करणाऱ्या चिकट रसायनालाही, ती हवा मानवते; मेच्या उन्हात ते फार लवकर घट्ट होतं आणि थर नीट बसत नाही. शिवाय तेव्हा तुमच्याकडे येणारे पाहुणे हुरड्यासाठी येतात, थंडीत पूलमध्ये उतरतंय कोण? म्हणजे काम चालू असताना भाडं बुडत नाही, आणि मार्चच्या गर्दीला पूल तयार असतो.

मधल्या महिन्यांत दुखणं नेमकं काय आहे ते शोधा, कारण सांगितलेलं सगळं काम लागेलच असं मला वाटत नाही. हाताला पांढरी पूड लागते ती उन्हाने आणि औषधांनी जेलकोट, म्हणजे सगळ्यात वरचा गुळगुळीत थर, झिजल्याची खूण. तेवढंच असतं तर पॉलिशवर भागलं असतं. फोड ही पुढची पायरी आहे. पाणी थरातून आत मुरलेलं असतं, ते फोड घासून उघडावे लागतात, आतला भाग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवावा लागतो आणि मगच रेझिन लावायचं. हे न करता वरून नवा थर चढवला तर फोड परत येतात. पायरीपाशी नाण्याने टकटक करून बघा. आवाज पोकळ आला तर काळी माती उन्हाळ्यात आकसून पूलच्या पाठीमागे पोकळी झालेली असू शकते. ती भरून घेतल्याशिवाय तडा बुजवणं म्हणजे पैसे पाण्यात.

चार बोटं पाणी उतरतं म्हणून मात्र घाबरू नका. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी सहज उडतं. आठवड्याचे साडेपाच ते सात सेंटिमीटर झाले, म्हणजे जवळपास तुमची चार बोटंच. पाऊस नसेल अशा दिवशी पूलच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीतली आणि पूलमधली पातळी खुणा करून दुसऱ्या दिवशी मोजा. दोन्ही सारखी उतरली तर गळती नाही. पूलची जास्त उतरली तर आधी पाइप आणि फिटिंग तपासून घ्या.

आता हिशेब. जीएसटी धरून ठेकेदाराचा आकडा ३,०६,८०० होतो. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर परत मिळत नाही, तो खर्चच समजा. तळ आणि भिंती मिळून तुमचा पूल साधारण ७६५ चौरस फूट भरतो, म्हणजे चौरस फुटाला ४०० रुपये. आणखी दोघांकडून कोटेशन घ्या आणि तुलना याच मापाने करा. पूल परत भरायला जवळपास ४८,००० लिटर पाणी लागेल. बोअरने साथ दिली नाही तर १० हजार लिटरच्या टँकरच्या पाच खेपा. पोकळी भरणं, पाणी आणि किरकोळ धरून ३,४०,००० लागतील असं माना.

पूलमुळे भाड्यात ३,००० जास्त मिळतात, ४५ बुकिंगांचे १,३५,०००. खर्च वजा जाता हातात ९०,००० राहतात. म्हणजे चार वर्षांच्या आत दुरुस्तीचे पैसे वसूल होतात. चांगलं काम बरंच जास्त टिकतं, त्यामुळे दुरुस्ती परवडते. पण ३ लाखांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता १०,२५३ बसतो, वर्षाला १,२३,०००च्या वर. पूल देतो ९०,०००. वरचे ३३,००० दरवर्षी घरातून घालाल, शिवाय ऑगस्टमध्ये एकही बुकिंग नसताना हप्ता तेवढाच राहील. तीन वर्षांत व्याजच ६९,००० जाईल. पूलची दुरुस्ती पूलच्याच कमाईतून, तिच्या चालीने फिटली पाहिजे. हे कर्ज त्या चालीचं नाही.

म्हणून असं करा. हातातले १,७०,००० स्वतंत्र खात्यात ठेवा. दिवाळीच्या सुट्ट्या आणि हुरडा धरून जानेवारीपर्यंत आणखी ६०,००० बाजूला पडावेत. उरलेल्या लाख-सव्वालाखासाठी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त, तेही वापराल तेवढ्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. मोडल्याचा दंड वाचतो. दोन उन्हाळ्यांची पूलची कमाई थेट त्यात भरलीत तर ॲडमिशनच्या आधी एफडी मोकळी होते. मर्यादा मात्र सव्वा लाखाची, त्यावर एक रुपया नाही. जास्त लागत असेल तर काम वर्षभर पुढे ढकला. मुलीचं वर्ष पुढे ढकलता येत नाही.

रंगाचा मोह समजतो, पण फोडांवर मारलेला रंग फार दिवस धरत नाही, आणि पुढे खरा थर द्यायचा झाला की आधी तो घासून काढायचे पैसे वेगळे. जमीन तीन-चार वर्षांत विकायचं मनात असेल तरच फक्त खराब जागांची दुरुस्ती करून भागवा. बुजवायचा विचार आज नको. तपासणीत पूल सरकला किंवा भिंत फुगली असं निघालं आणि खर्च साडेचार लाखांच्या वर गेला, म्हणजे पूलच्या पाच वर्षांच्या कमाईइतका, तर मात्र खुशाल बुजवा आणि ४,०००च्या भाड्यावर फार्महाऊस चालवा.

ठेकेदाराशी बोलताना थराला व्हिनाइल एस्टर रेझिन वापरणार का, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे किती थर देणार, किती दिवस सुकवून पाणी भरणार आणि फोड परत आले तर कोण करून देणार, हे कागदावर घ्या. ॲडव्हान्स ३० टक्क्यांच्या पुढे देऊ नका आणि शेवटचे १० टक्के पूल भरून महिना झाल्यावर द्या. पैसे बँकेतून द्या. एका दिवसात एकाला १०,०००च्या वर रोख दिले तर तो खर्च धंद्याच्या हिशेबात धरता येत नाही. भाड्याचं उत्पन्न ढोबळ टक्क्याने दाखवत असाल तर ही वजावट वेगळी मिळणार नाही, ते तुमच्या सीएंना विचारून घ्या. आणि जुलैचा आग्रह धरून तो भाव कमी करायला लागला तर विहिरीची पातळी दाखवून त्याला फेब्रुवारीची तारीख द्या.