आधी पाण्याची वाट, मग टाइल्सचा रंग

या वेळच्या पत्रांमध्ये स्वयंपाकघर आणि बाथरूमचाच गठ्ठा मोठा होता. त्यातली बरीचशी पत्रं 'कोणता रंग शोभेल' या जातीची आहेत. ती मी दोन ओळींत उरकणार आहे, राग मानू नका. रंग नाही आवडला तर बदलता येतो. ओट्याची उंची किंवा फरशीचा उतार चुकला, तर तो पुढची अनेक वर्षं रोज छळतो.

प्रश्न : ताई, माझी उंची १७० सेंटिमीटर, सासूबाईंची १५०. स्वयंपाकघरात दोघींचाही वावर. सध्याच्या ओट्यावर माझी कंबर धरते. नवा ओटा उंच केला, तर त्यांचे खांदे भरून येतील. सुतार म्हणतो, 'सगळीकडे ८५ सेंटिमीटरच करतात, डोक्याला ताप कशाला?'
— दोन उंचींच्या मध्ये सापडलेली

सुताराला एकच माप सोयीचं पडतं, म्हणून ते 'सगळीकडे' असतं. ओट्याची उंची कोपरावरून ठरवायची. घरात ज्या चपला घालता त्या घालून सरळ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. चिरण्याकापण्याची जागा त्याच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली हवी. तुमचं कोपर साधारण १०७ च्या आसपास येईल, सासूबाईंचं ९४-९५ ला. म्हणजे तुम्हाला ९५ चा ओटा बरा आणि त्यांना ८२ चा. मधला ८८ चा केलात, तर दुखणं दोघींत वाटून घ्याल, एवढंच.

पण ओट्यावरची सगळी कामं एका उंचीची नसतात. शेगडीवर आधी बर्नरची उंची, त्यावर भांड्याची. हात त्याच्याही वर जातो, म्हणून शेगडीची जागा खाली असावी. मळणं, कुटणं, जोर लावून दाबणं हेही खालीच जमतं, कारण तिथे अंगाचं वजन टाकता येतं. सिंकचं नेमकं उलटं आहे. काठ ओट्याला असला तरी हात चालतात ते भांड्याच्या तळाशी, म्हणजे १८-२० सेंटिमीटर खाली. भांडी घासून कंबर धरते ती यामुळेच. सिंकचा काठ ओट्याहून ५ ते ८ सेंटिमीटर वर घेतला, तर बिघडत काहीच नाही.

तेव्हा आठवडाभर नुसतं बघा, कोण कुठे जास्त वेळ उभं असतं. शेगडीपाशी त्या आणि सिंकपाशी तुम्ही असाल, तर प्रश्न निम्मा सुटला : शेगडीचा भाग ८३ ला ठेवा, सिंक आणि त्याला लागून चिरण्याची जागा ९४ ला. एकच पथ्य पाळा. पायरी शेगडीच्या अगदी कडेला नको. शेगडीच्या दोन्ही बाजूंना किमान ३०-४० सेंटिमीटर जागा सारख्याच पातळीवर हवी, कारण उकळतं भांडं घाईत सरकवून ठेवायचं ते तिथेच. बुटक्या माणसासाठी जमिनीवर पाट ठेवायची कल्पना कुणी सुचवली, तर तिथल्या तिथे मोडून काढा. त्याला अडखळून कुणीतरी पडेलच.

आणि सगळं उभ्यानंच करायचं, हा हट्ट तरी कशाला? १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ही आजीबाई. जागा होती जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर, तरी त्यात खिडकीपाशी बसून काम करायला फिरतं स्टूल होतं आणि कचरा थेट खाली लोटायला कामाच्या फळीतच सोय केलेली होती. (या बाईंना तोवर स्वयंपाक येत नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगितलंय. मोजमाप मात्र चोख होतं.) तुम्हीही ओट्याखाली ६५-७० सेंटिमीटरवर बाहेर ओढायची एक भक्कम फळी करून घ्या. बसल्यावर दोघींची उंची फारशी वेगळी राहत नाही.

प्रश्न : आमच्या बाथरूमचं पाणी खालच्यांच्या छताला उतरतंय. एक कंत्राटदार म्हणतो, जुनं काही फोडायला नको, आहे त्या टाइल्सवर नव्या टाइल्स लावू, चार दिवसांत काम फत्ते. फोडाफोडी वाचते म्हणून घरचे तयार आहेत. मला शंका येते.
— खालच्यांना तोंड देऊन थकलेला

शंका रास्त आहे. टाइल पाणी अडवते हा गैरसमज घरोघरी आहे. टाइलमधून नसलं, तरी सांध्यांमधून पाणी जातंच. ते खालच्या मसाल्यात मुरतं, तिथून कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या भरावात, आणि कोब्यातून वाट मिळेल तिकडे. पाणी अडवण्याचं काम टाइलखालच्या थराचं आहे. तो थर फाटलाय आणि हे गृहस्थ त्यावर नवा अंगरखा चढवायला निघालेत. शिवाय फरशी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर येणार, उंबरठ्याची उंची तेवढी कमी होणार, दार तासावं लागणार आणि स्लॅबवर वजन वाढणार ते वेगळंच. टाइलवर टाइल स्वयंपाकघराच्या कोरड्या भिंतीवर खुशाल लावा. गळक्या बाथरूमच्या जमिनीवर नको.

पण हातोडा उचलण्याआधी चोर ओळखा. खालच्यांना विचारा, थेंब सतत पडतो की तुमची अंघोळ झाल्यावर? सतत पडत असेल, तर भिंतीतली नळाच्या पाण्याची लाइन फुटल्याचा संशय घ्या, तिच्यात पाणी कायम दाबाखाली असतं. घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटर बघा. काटा तरीही हलत असला, तर फरशीला हातच लावायचा नाही, काम प्लंबरचं आहे. वापरल्यावरच गळत असेल, तर जमिनीची जाळी कापड आणि प्लॅस्टिकने घट्ट बंद करून इंचभर पाणी साठवा आणि चोवीस तास बाथरूम वापरू नका. छत ओलं झालं, तर दोष जमिनीचा. कोरडं राहिलं, तर आता जाळी उघडून पाणी सोडा. तेव्हा गळलं, तर दोष जाळीखालच्या ट्रॅपचा (पाणी साठून राहतं तो भाग) नाहीतर सांडपाण्याच्या पाइपचा. कमोड फ्लश केल्यावरच गळत असेल, तर त्याच्या जोडाकडे बघा. ही सगळी परीक्षा बिनखर्चाची आहे आणि तिच्यामुळे कधीकधी अख्खी फोडाफोडी टळते.

जमीनच दोषी निघाली, तर स्लॅबपर्यंत उघडा. गळती बहुतेक वेळा मोकळ्या जमिनीच्या मधोमध नसते. ती पाइप स्लॅबमधून खाली जातो त्या भोकाभोवती असते, किंवा भिंत आणि जमीन भेटते त्या कोपऱ्यात. पाइपभोवतीची जागा साध्या सिमेंटने लिंपली, तर ते सुकताना आकसतं आणि केसाएवढी फट राहते. तिथे न आकसणारं ग्राउटच, म्हणजे फटी भरायचा मसाला, भरायला सांगा. कोपऱ्यांना मसाल्याची गोलाई द्यायची, त्यावर विणलेल्या जाळीची पट्टी, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. मधे पहिला हात सुकू द्यायचा. हा थर भिंतीवर चारी बाजूंनी निदान ३० सेंटिमीटर चढला पाहिजे आणि शॉवरच्या भिंतींवर डोक्यापर्यंत, म्हणजे १.८ मीटर.

मग कंत्राटदाराचा ज्यावर जीव जातो तो दिवस. जाळी बंद करून पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पाण्याच्या पातळीची रेघ मारायची आणि किमान चोवीस तास, जमलं तर अठ्ठेचाळीस तास, थांबायचं. 'कशाला, मी गॅरंटी देतो ना!' असं तो म्हणेल. पाणी भराच. खालच्यांना बोलावून त्यांचं छत त्यांच्याच डोळ्यांनी बघू द्या, म्हणजे तुमची निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

उताराचं सांगते आणि थांबते. मीटरमागे साधारण १२ मिलिमीटर उतार द्या. दोन मीटर लांबीच्या बाथरूमला टोकापासून जाळीपर्यंत अडीच सेंटिमीटर झाले. तो उतार खालच्या कोब्यातच यायला हवा, टाइल चिकटवताना मसाला जाड-बारीक करून नव्हे. टाइलचा मसाला पक्का व्हायच्या आत चारही कोपऱ्यांत एकेक मग पाणी ओता आणि बघत उभे राहा. कुठेही डबकं थांबलं, तर ती टाइल त्याच दिवशी निघते. दुसऱ्या दिवशी छिन्नी लागते. शॉवरच्या जागेत मोठाल्या टाइल्स हव्या असतील, तर जाळी मधोमध नको, भिंतीलगत लांब पट्टीची घ्या. मग एकाच दिशेने उतार पुरतो. मधल्या जाळीला चारी बाजूंनी उतार द्यावा लागतो आणि मोठी टाइल तिरपी कापत बसावी लागते. ते कधीच नीट दिसत नाही.

प्रश्न : पाहुण्यांचं बाथरूम नुकतंच नवं केलं. सगळं चकाचक, पण दार उघडलं की घाण वास येतो. ॲसिड, फिनेल, सगळं झालं.
— नाक धरून बसलेली

पाहुणे येत नाहीत, म्हणून वास येतो. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम साठून राहतं आणि तेच गटारातली हवा वर यायला अडवतं. बाथरूम वापरात नसलं, की ते वाळतं. आठवड्यातून एकदा दोन मग पाणी ओता. मोठ्या सुट्टीवर जाताना वरून चमचाभर तेल सोडलं, की पाणी सावकाश उडतं. ॲसिड बंद करा, त्यानं टाइल्सचे सांधे खाल्ले जातात.

पाणी ओतूनही वास राहिला, तर बेसिनखाली वाकून बघा. नळी भिंतीतल्या पाइपात नुसतीच खुपसून वर पांढरी चकती लावून दिलेली असेल. ती चकती बाजूला सरकवा, आजूबाजूची फट दिसेल. रबरी सील बसवायला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न : स्वयंपाकघरात पांढराशुभ्र संगमरवरी ओटा हवाय. दुकानदार म्हणतो, सीलर मारला की डाग पडत नाहीत. बहीण म्हणते क्वार्ट्‌झ घे.
— फोटो बघून भुललेली

सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण, मारलं की डाग लवकर मुरत नाही, पण संगमरवराचं दुखणं वेगळं आहे. तो दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा किंवा व्हिनेगरचा थेंब पडला की पृष्ठभागच झिजतो आणि तिथे फिकट, निस्तेज चट्टा राहतो. तो पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. ज्यांना असा वापरलेला, चट्ट्याचट्ट्यांचा दगड आवडतो त्यांनी जरूर घ्यावा. तुम्ही 'शुभ्र' लिहिलंय, तेव्हा तुम्हाला तो सोसणार नाही.

क्वार्ट्‌झच्या ओट्यात सुमारे नव्वद टक्के दगडाचा चुरा असतो आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा बांधून ठेवणारं प्लॅस्टिकसारखं द्रव्य. आंबटाला तो दाद देत नाही, उष्णतेला देतो. तापलेलं भांडं थेट ठेवलंत, तर रेझिन पिवळं पडतं. दुसरी गोष्ट दुकानदार सांगणार नाही. हा दगड कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती श्वासात जाऊन कापणाऱ्याची फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. ऑस्ट्रेलियानं याच कारणासाठी १ जुलै २०२४ पासून असे कृत्रिम दगड बनवण्यावर, पुरवण्यावर आणि बसवण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतं, प्रमाण कमी. कुठलाही दगड घ्या, पण तुमच्या घरात कोरडा कापू देऊ नका. माप देऊन कारखान्यात पाण्याखाली कापून आणायला सांगा. माझं मत विचाराल, तर फिकट ग्रॅनाइट. फोटोत फिका दिसतो, ओट्यावर वर्षानुवर्षं टिकतो.

प्रश्न : बाथरूमची खिडकी बुजवून तिथे कपाट करायचं आहे. गॅस गीझर आतच आहे, चालेल ना?

नाही. गॅस जळताना हवा खातो. हवा कमी पडली, की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना वास, ना रंग. अंघोळीला गेलेला माणूस गुंगी येऊन आतच पडतो. खिडकी बुजवायचा विचार सोडा आणि आधी तो गीझर बाथरूमबाहेर काढा, त्याचा धूर मोकळ्या हवेत जाईल असा. कपाट आरशामागे करा, १२ सेंटिमीटर खोली पुरते.

रंगवाल्यांसाठी : लहान बाथरूम मोठं दिसतं ते पांढऱ्या रंगाने कमी आणि जमीन मोकळी दिसल्याने जास्त. बेसिन आणि कमोड भिंतीला टांगलेले घ्या, शॉवरला पडद्याऐवजी काच लावा. रंग तुमच्या आवडीचा.

प्रश्न : वडील ऐंशीचे आहेत. त्यांच्या बाथरूममध्ये आधाराचे दांडे लावायचे आहेत. किती उंचीवर?
— काळजीत असलेला मुलगा

पुस्तकी उत्तर ८५ ते ९० सेंटिमीटर. पण टाइल्स लागायच्या आत वडिलांना एकदा तिथे घेऊन जा. कमोडच्या जागी त्याच उंचीची खुर्ची ठेवा, त्यांना बसायला आणि उठायला सांगा. उठताना हात आपोआप भिंतीकडे जातो. नेमकी ती जागा खडूने खुणावून ठेवा. दोन-तीनदा उठबस करायला लावा, कारण पहिल्यांदा माणूस आपण किती धडधाकट आहोत ते दाखवायला हात न लावताच उठतो. भिंत पोकळ ब्लॉकची असेल, तर त्या जागी आत्ताच मागे भक्कम आधार भरून घ्या. टॉवेलच्या दांड्यावर कधीही भिस्त ठेवू नका. तो टॉवेलसाठी असतो, अख्खं वजन आलं की स्क्रूसकट हातात येतो.

कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटरवर असावी. जमिनीला खरखरीत, चमक नसलेली टाइल लावा. दांड्याचा रंग भिंतीहून वेगळा घ्या, अधू नजरेला पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. आणि दार बाहेर उघडणारं करा, कडी बाहेरूनही सोडता येईल अशी. माणूस आत पडला तर तो नेमका दारालाच आडवा असतो, आत उघडणारं दार मग कुणालाच ढकलता येत नाही.