नीटला रिपीट चालतो, माईकला का नाही?

प्रश्न: माझी मुलगी परभणीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गॅदरिंगला तिनं एकटीनं सात मिनिटं स्टँड-अप केलं. घरातल्याच गोष्टी सांगितल्या, आजीची नक्कल केली. कुणीतरी व्हिडिओ काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. तिचे वडील जिल्हा परिषद शाळेत गुरुजी आहेत, ते आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. माझ्या सासूबाईंनी मात्र तो व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला. आता मुलगी म्हणते, पुण्याला जाऊन हेच करणार. मागच्या महिन्यात मैत्रिणीसोबत तिथल्या ओपन माइकला गेली होती, तर कुणीच हसलं नाही. रडत आली, तरी हट्ट सोडत नाही. या लाइनीत मुलींचं काही होतं का?
– एक आई, सेलू

ताई, नमस्कार.

‘कुणीच हसलं नाही’ हे तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला वाटतं तुमच्या प्रश्नाची मेख तिथंच आहे.

स्टँड-अप घरात बसून शिकता येत नाही. विनोद वहीत लिहिता येतो, पण तो विनोद आहे की नाही हे समोरची माणसंच ठरवतात. म्हणून ओपन माइक असतात. नाव नोंदवायचं, चार-पाच मिनिटांचा स्पॉट, म्हणजे मंचावरची वेळ, घ्यायचा, आपला सेट, म्हणजे बसवलेले विनोद, करून बघायचा. तोच सेट पुन्हा दुसरीकडं. एक शब्द काढायचा, पंचच्या, म्हणजे हसवणाऱ्या वाक्याच्या, आधी अर्धा क्षण थांबायचं, परत बघायचं. यात माणूस आपटतोच. त्याला तिकडं ‘बॉम्ब झालं’ म्हणतात. आज हजार लोकांना हसवणारेही आधी दहा-पंधरा खुर्च्यांसमोर आपटलेले असतात.

आता आपल्याकडचं बघा. लातूरला, नांदेडला पोरं नीटचे दोन-दोन रिपीट देतात. आपण खोली भाड्यानं घेतो, मेस लावतो आणि पाहुण्यांना सांगतो, ‘यंदा थोडक्यात हुकलं.’ रिपीटर हा शब्द मराठवाड्यात आता शिवी राहिलेला नाही. तुमची लेक मात्र एकदाच आपटली आणि लगेच पत्र आलं.

रागावू नका. हे तुमच्या घरापुरतं नाही. मध्यंतरी छत्रपती संभाजीनगरला एका कॅफेत ओपन माइक बघायला गेलो होतो. यादीत सगळी पोरं आणि एक मुलगी. तिच्या आधी चार पोरं ओळीनं आपटली. पाचवी ती, तिचंही जमलं नाही. माझ्या शेजारचा लगेच म्हणाला, ‘बायकांना नाही जमत हे.’ आधीच्या चौघांवरून पुरुषांबद्दल मात्र कुणी काही ठरवलं नव्हतं.

मुलींची खरी अडचण मला ही दिसते. मुलगा आपटला की त्याचा सेट वाईट ठरतो, मुलगी आपटली की सगळ्या बायकांचा निकाल लागतो. वर तिला आपटायच्या संधीही कमी मिळतात. ओपन माइक संध्याकाळी उशिरा सुरू होतात. स्पॉट शेवटचा आला तर अकरा वाजतात, आणि पुण्यातल्या मुलींच्या होस्टेलचं गेट त्याआधीच लागतं. पोरगा बाइकला किक मारतो, मित्राच्या रूमवर पडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्या माइकला. मुलीला एका स्पॉटसाठी रिक्षाचं भाडं, सोबत कोण आणि घरी काय सांगायचं, एवढं सगळं जुळवावं लागतं. वर्षअखेरीला त्याचे शंभर स्पॉट झालेले असतात आणि तिचे वीस-पंचवीस. मग लोक म्हणतात, पोरांचा हात जास्त बसलेला असतो. बसणारच.

हे आजचं नाही. तमाशात बाई नाचायची, गायची, पण गवळणीतली मावशी व्हायचा पुरुष आणि हशा घ्यायचा सोंगाड्या. आपल्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी सासू-नणंदेला वैतागलेल्या सुनेच्या तोंडून भारूड म्हटलं. अर्थ अध्यात्माचा, पण चारशे वर्षांनंतरही बाया त्याला खुदुखुदू हसतात, कारण गाऱ्हाणं अगदी घरचं आहे. म्हणजे बाईच्या तोंडचा विनोद आपल्याला चालत आलाय. तो बाईनं स्वतः, स्वतःच्या नावानं सांगितला की भावकीचा ग्रुप तापतो.

गुरुजींना एक विचारा. गावोगावच्या सप्त्यात आज महिला कीर्तनकार येतात, रात्री दोन तास हजारोंच्या गर्दीसमोर उभ्या राहतात, मधूनमधून लोकांना पोट धरून हसवतात. तिथं रात्र आड येत नाही, माईक आड येत नाही. फरक आहे, तो मलाही मान्य आहे. त्यांच्या मागं टाळकरी असतात, गाव असतं, मान असतो. स्टँड-अपवाली एकटी असते. तिच्या पाठीशी कोण उभं राहणार, एवढाच प्रश्न मग उरतो.

काही होतं का, असं विचारलंत. होतं. नागपुरात वाढलेली सुमुखी सुरेश आज या क्षेत्रातलं मोठं नाव आहे. प्रशस्ती सिंग आयआयएम लखनौची पदवी घेऊन या लाइनीत आली. मुंबईच्या उरूज अश्फाकला 2023 मध्ये एडिनबरा कॉमेडी अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. मराठीत यूट्यूबवरच्या भाडिपासारख्या मंडळींनी स्टँड-अपला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळवून दिला. पण ही नावं दाखवून मी तुमची समजूत काढणार नाही. कलेक्टर झालेल्या एका पोराचा फोटो क्लासच्या बोर्डावर लावतात, तसलाच तो प्रकार होईल.

पैशाचं सरळ सांगतो. ओपन माइकला पैसे मिळत नाहीत, काही ठिकाणी उलट सादर करणाऱ्याकडूनच थोडे घेतात. तिकिटाच्या शोमध्ये वाटा मिळायला वेळ लागतो. बरा पैसा कंपन्यांच्या कार्यक्रमांत आणि लेखनात असतो. टीव्हीवरचे स्किट, जाहिराती, वेब मालिका, सगळ्यांना विनोद लिहिणारा माणूस लागतो. त्यामुळं पहिली काही वर्षं दिवसा नोकरी आणि रात्री माइक, यावर माझी तडजोड नाही. बीएस्सी पूर्ण होऊ द्या. नोकरी पुण्यात बघा, आणि होस्टेल असं बघा की उशिरा येण्याची परवानगी लेखी मिळेल. नाट्यशास्त्राचा विचार असेल तर संभाजीनगरच्या विद्यापीठात विभाग आहे. आवाज आणि रंगमंचाची बैठक तिथं पक्की होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून एकट्यानं बावन्न पात्रं उभी करणारे लक्ष्मण देशपांडे याच विभागात शिकवत. पण स्टँड-अपला पदवी लागत नाही आणि पदवीनं स्पॉट मिळत नाही.

पुण्याला जायच्या आधी हातातलं वर्ष वाया घालवू नका. नांदेडच्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवात नक्कल आणि प्रहसन असतं, तिनं नाव द्यावं. आणि हसू नका, पण खेळ पैठणीचा! गणपतीत, नवरात्रात, हळदीकुंकवाला तालुक्याच्या गावातही हे कार्यक्रम होतात. समोर शे-दोनशे बाया, हातात माईक, काहीच लिहून आणलेलं नाही, आणि एकेकीशी बोलत हसवायचं. स्टँड-अपवाले ज्याला क्राउडवर्क म्हणतात, ते हेच. चार पैसेही मिळतात आणि तुम्ही स्वतः पुढच्या रांगेत बसू शकता.

आता थोडं लेकीसाठी. तिला वाचून दाखवा.

भाषा सोडू नकोस. ‘काहून’, ‘लई’ असू दे. आजवर आपल्या बोलीला लोक हसले, कारण ती गावंढळ पात्राच्या तोंडी घातली गेली. तू त्याच बोलीतून त्यांना हसव. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्यांना विनोद पुण्याहून आणायची गरज नाही.

सूत्रसंचालकाला तुझी ओळख एका ओळीत लिहून दे. नाही तर ‘आता आपल्यासमोर येतेय एक गोड मुलगी’ म्हणून तो तुझं पहिलं मिनिट खातो. लवकरचा स्पॉट मागायला लाजू नकोस. ‘लाइनअपमध्ये एक मुलगी आहे ऑलरेडी’ असं ऐकायला मिळेल. वाद घालू नकोस, पुढच्या आठवड्याची तारीख माग. ‘तुम्ही मुली बायकांच्याच विषयांवर बोलता’ असंही म्हणतील. पोरं तासभर स्वतःच्या ब्रेकअपवर बोलतात, त्याला पुरुषांचा विषय कुणी म्हणत नाही.

जात, धर्म, महापुरुष हे विषय पहिली दोन-तीन वर्षं बाजूला ठेव. हा सल्ला देताना मला आनंद होत नाही. पण 2020 मध्ये मुंबईतल्या एका कॉमेडियनला जुन्या क्लिपवरून उघडउघड बलात्काराच्या धमक्या आल्या. तसलं झेलायला वकील आणि चार पाठीराखे लागतात, ते तुझ्याकडं अजून नाहीत. रील टाकायची घाई नको. घाणेरड्या कॉमेंट आल्या तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेव. सायबर तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

आयोजकानं रात्री एकटीला ‘सेटवर चर्चा करायला’ बोलावलं तर जायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. 2018 च्या ऑक्टोबरात ‘मी टू’ची लाट आली, तेव्हा विनोदाच्या क्षेत्रातलीही मोठी नावं त्यात सापडली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. पगारावर असायलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र तीन महिन्यांची, हे विसरायचं नाही.

आता पुन्हा तुम्हाला, ताई. तिला ‘दोन वर्षं देतो’ असं सांगू नका. दोन वर्षांत ती पंचवीस वेळा उभी राहिली तर त्यावरून काहीच कळणार नाही. मुदत स्पॉटमध्ये द्या. शंभर. वहीत तारीख, जागा, किती मिनिटं, कुठं हसले, कुठं नाही, एवढं लिहायचं. शंभरी होईपर्यंत घरात ‘सोडून दे’ कुणी म्हणायचं नाही, आणि झाल्यावर वही उघडून गुरुजींसमोर तिनंच हिशेब मांडायचा. मास्तरांना वही कळते. पुण्यातला तो रडवणारा स्पॉट धरला तर एक झालाय. गॅदरिंग धरू नका, तिथं सगळे ओळखीचे होते.

राहिला घरातल्या गोष्टींचा प्रश्न. ज्याच्यावर विनोद आहे त्याला आधी ऐकवायचा, मग बाहेर. सासूबाईंनी व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला, म्हणजे त्यांची परवानगी आहे असं मी धरतो. पुढच्या वेळी पोरीनं नक्कल आधी त्यांच्यासमोर करावी, चुकली तर त्याच सांगतील. वडिलांवरचं मात्र सध्या काही नको. एखाद्या दिवशी तेच विचारतील, ‘माझ्यावर काही नाही का?’ तोवर थांबा.