पन्नासेक वर्षं जुनी, धातूच्या बॉडीची ड्रिल मशीन ठिणग्या मारते. दुकानदार म्हणतो आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला, फिरणारा भाग) गेलं. दुरुस्त करावी की नवीन घ्यावी?

मशीन उघडून बघितली का त्यानं? बहुतेक नसणार. आमच्या उद्यमनगरात चांगले रिवाइंडिंगवाले, म्हणजे आर्मेचरवर नव्या तारा भरून देणारे, भरपूर आहेत, पण ठिणगी दिसली की "आर्मेचर गेलं, भरून घ्या" म्हणणारेही कमी नाहीत. माझा वाद त्यांच्याशी आहे आणि तो जुना आहे.

ब्रश म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे. त्यांच्याखाली बारीक निळसर ठिणगी चालते. ती कम्युटेटरभर (ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) पेटत फिरली, तर दोष आहे. तो दोष वाइंडिंगचाच, म्हणजे आर्मेचरवरच्या तारांचाच, असतो असं मात्र नाही. आधी ब्रश काढा. ६ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर दोन्ही बदला. नवा ब्रश होल्डरमध्ये स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे. अडकत असेल तर काचपेपरवर घासून बसवा, पण ढिला बसवू नका, कारण ढिला ब्रश हलतो आणि जास्त ठिणग्या मारतो. स्प्रिंग तापून निळी पडली असेल तर तिचा जोर गेलेला असतो, तीही बदला.

सध्या माझ्या बाकावर अशीच एक अर्धा इंची, ॲल्युमिनियम बॉडीची ड्रिल आहे. तिलाही आर्मेचर भरायला सांगितलं होतं. ब्रश ठीक होते, वाइंडिंगही. तांबं झिजून खाली गेलेलं आणि पट्ट्यांमधला मायका (वीज न वाहू देणारा अभ्रकाचा थर) वर आलेला. ब्रश त्यावरून उड्या मारतो, मग ठिणगी पडणारच! भरलेलं आर्मेचर याच जुन्या कम्युटेटरवर जोडून दिलं असतं तर पैसे जाऊन ठिणगी तशीच राहिली असती.

यावर इलाज लेथवर आहे. आर्मेचर बेअरिंगच्या बैठकीवर धरायचं, चकमध्ये कसंही आवळायचं नाही. धारदार टूलनं ०.०५ मिमीचे हलके कट घेत पृष्ठभाग एकसारखा होईपर्यंतच तांबं काढायचं. आर्मेचर फिरवताना डायल गेजवर (बारीक फरक मोजणारं घड्याळ) फरक ०.०२ मिमीच्या आत हवा. मग हॅक्सॉ ब्लेडच्या बाजू घासून त्याची जाडी मायकाएवढी करायची आणि मायका साधारण ०.५ मिमी खाली उतरवायचा. पट्ट्यांच्या कडा हलक्या मोडायच्या, फटीतला तांब्याचा कीस ब्रशनं झाडून काढायचा, नाहीतर शेजारच्या पट्ट्या शॉर्ट होतात. एमरी पेपर कम्युटेटरला लावायचाच नाही. त्याचे कण तांब्यात रुततात आणि ब्रश खातात. बारीक काचपेपर वापरा. तोच कम्युटेटरवर गुंडाळून नव्या ब्रशला गोलाई द्या.

वाइंडिंग खरंच गेलंय का, हे तपासता येतं. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांतून १ अँपिअर डीसी सोडा आणि शेजारच्या प्रत्येक जोडीत मिलिव्होल्ट मोजत फिरा. सगळीकडे जवळपास सारखे आले तर आर्मेचर ठणठणीत. एखाद्या जोडीत एकदम कमी आले तर तिथली कॉइल शॉर्ट आहे. अर्ध्या भागात एकाच जोडीवर सगळा व्होल्टेज आणि बाकी जोड्यांत शून्य, तर ती कॉइल तुटलेली. तुटलेल्या कॉइलच्या पट्ट्या सहसा काळ्या जळालेल्या दिसतात. अनेकदा तार पट्टीपाशीच सुटलेली असते आणि तिथल्या तिथे पुन्हा जोडता येते.

मग शाफ्ट आणि कम्युटेटरमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) लावा. १ मेगाओमच्या खाली आलं तरी घाबरू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मशीन दमट होतेच. खोक्यात ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून दिवसभर सुकवा आणि परत मोजा. तरीही आकडा वर आला नाही तर मात्र भरून घ्या.

बेअरिंगचा नंबर त्याच्यावरच असतो. ६२०१ असेल तर १२ × ३२ × १० मिमी. दोन्ही एकदम बदला आणि बसवताना आतल्या रिंगवरच दाब द्या. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंगही आठवड्यात आवाज करतं. गिअरबॉक्समध्ये लिथियम ग्रीस अर्ध्यापर्यंतच घाला. जास्त झालं की ते मोटरमध्ये शिरतं आणि कम्युटेटर माखतं.

आता नवीन घ्यायची का? आर्मेचर आणि फिल्ड (आर्मेचरभोवतीच्या स्थिर कॉइल) दोन्ही जळाले असतील तर खुशाल घ्या, मी अडवत नाही. एरवी जुन्याचे दणकट गिअर आणि चक आजच्या स्वस्त मशीनमध्ये मिळत नाहीत.

एक राहिलं आणि ते आधीच सांगायला हवं होतं. बॉडी धातूची आहे, तेव्हा तीन तारांची केबल आणि बॉडीला अर्थिंग हवंच; दोन पिनांचा प्लग कापून टाका. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) असेल तर उत्तम. आणि गिअरबॉक्स काढून मोटर नुसती चालवून बघू नका. ड्रिलमधली ही सिरीज मोटर (आर्मेचर आणि फिल्ड एकापाठोपाठ जोडलेली) भाराशिवाय बेफाम पळते आणि आर्मेचरच्या तारा बाहेर फेकते. मग दुकानदाराचं म्हणणं खरं होईल.