कॅमिओ आधी उलटा करून पाहा

प्रश्न: लंडनच्या जुन्या बाजारात कॅमिओचा ब्रोच घेतला. शंखाचा आहे की प्लॅस्टिकचा, कसं ओळखू?

कॅमिओ म्हणजे शंखावर किंवा दगडावर उठावात कोरलेलं चित्र, बहुधा चेहरा. त्या चेहऱ्याच्या प्रेमात पडण्याआधी तो उलटा करा. शंखाचा कॅमिओ मागून बहुधा किंचित खोलगट असतो, कारण शंखाची गोलसर भिंतच कापून घेतलेली असते. मग खिडकीशी धरा. उजेड आत झिरपतो आणि विक्रेत्याने न सांगितलेले तडेही तेव्हाच दिसतात. पुढून भिंग लावलंत तर केसांच्या बटांत हत्याराच्या बारीक रेघा सापडतील. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकचं सगळंच गुळगुळीत आणि कडा बोथट. तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका: सेल्युलॉइड हे जुन्या काळचं प्लॅस्टिक भसकन पेटतं.

हे कोरीव काम मुख्यतः इटलीतल्या नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेकोचं. तिथे आजही ते चालतं. शंखाचा वरचा थर पांढरा, खालचा तपकिरी किंवा केशरी. कारागीर नको तेवढा पांढरा खरवडून चेहरा उभा करतो. म्हणजे रंग भरलेला नसतो, झाकलेला असतो तो उघडा केलेला असतो.

प्रश्न: त्यावरची बाई राणी व्हिक्टोरिया आहे का?

बहुतेक वेळा नाही. केसांत द्राक्षांचे घोस असतील तर ती रोमन मद्यदेव बॅकसची भक्तीण, गरुडाला पाजत असेल तर ग्रीक तारुण्यदेवी हीबी, फुलं असतील तर बहुधा रोमन पुष्पदेवी फ्लोरा. सरळ नाक जुनं आणि वर उचललेलं नाक नंतरचं, असं म्हणतात. पण निव्वळ नाकावरून मी तरी पैसे मोजणार नाही. त्यापेक्षा टाचणी बघा. साधा इंग्रजी ‘सी’सारखा आकडा आणि कोंदणाच्या कडेबाहेर डोकावणारं टोक ही एकोणिसाव्या शतकाची खूण. फिरवून बंद होणारी कडी विसाव्या शतकातली. मात्र टाचणी बदललेली असू शकते. मागे डाग दिल्याच्या, म्हणजे धातू वितळवून जोडल्याच्या, खुणा शोधा.

प्रश्न: इंग्लंडमधल्या मैत्रिणीने काळा कॅमिओ दिलाय. सासूबाई म्हणतात, अशुभ आहे.

सासूबाई इतिहासाला धरूनच बोलताहेत! राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट 1861 मध्ये गेले आणि राणीने 1901 पर्यंत, स्वतःच्या मरणापर्यंत, काळेच कपडे वापरले. शोकाच्या दागिन्यांची चलती झाली आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावच्या जेटला भरपूर मागणी आली. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं दबून दगड झालेलं लाकूड. हाताला हलकं, गारही लागत नाही. गार आणि जड लागला तर काळी काच. तपकिरी झाक असेल आणि चोळल्यावर गंधकाचा वास आला तर व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. घालायचा की नाही, ते तुम्ही दोघी ठरवा. मी असते तर पांढऱ्या साडीवर लावला असता.

प्रश्न: दगडाचा कॅमिओ जास्त मोलाचा?

सहसा हो, पण कोरणी सुमार असेल तर नाही.

प्रश्न: चांदीसारखा चिंचेने घासला तर चालेल?

मुळीच नाही! शंख म्हणजे चुनाच. आंबट लागलं की विरघळायला लागतो. कोमट पाणी, एक थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच पुसणं. वर्षातून एकदा बेबी ऑइलचा थेंब बोटाने फिरवा, रात्रभर ठेवा, सकाळी टिपून घ्या. सराफाकडच्या कंपनाने दागिने धुणाऱ्या यंत्रात तर टाकूच देऊ नका.